तिसाव्या बाईनंतर

आई,

काल एका बैठकीत तुझा विषय निघाला. तुझं नाव कुणी घेतलं नाही, ते तिथे माझ्याशिवाय कुणाला माहीतही नव्हतं. 'एक बाई होती' एवढंच बोलणारा बोलला आणि टेबलाभोवतीच्या चार जणांनी माना डोलावल्या. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता मला नीट आठवत नाही, फक्त रागावल्यावरचा आठवतो. कालपासून तोच कानात आहे, म्हणून लिहायला बसले.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे पुढचं तुला सांगायला हवं. मी सरकारी खात्यात भाषांतराचं काम करते. कायदे आणि नियम इंग्रजीत तयार होऊन येतात, ते आम्ही मराठीत आणतो. बदलापूरला मांजर्लीत घर घेतलंय. पावसाळ्यात नदी चढली की तळमजल्यावरचे लोक गाद्या घेऊन आमच्या जिन्यात येतात, बाकी ठीक आहे. भाऊ एका केमिकल कंपनीत आहे. कंपनीत म्हणजे कंपनीच्या ठेकेदाराकडे. गेटपास कंपनीचा आणि पगार दुसऱ्याचा. 'ताई, मी नेमका कुणाचा?' असं तो कधीतरी चेष्टेनं विचारतो. मला कलम पाठ असतं, पण त्याला काय सांगायचं ते कळत नाही.

अंबरनाथला मोरिवलीच्या खोलीपासून सांगते. मी चौथीत आहे, भाऊ अजून रांगतही नाही. बाबा उल्हासनगरला टेम्पोवर, ते अंधार पडल्यावर येणार. तू पोळ्या लाटतेस, भावाला पाजतेस, आणि त्याला माझ्या मांडीवर टाकून एमआयडीसीतल्या औषधाच्या कारखान्यात जातेस, बाटल्यांना लेबलं लावायला. 'रडला तर साखरेचं पाणी दे. जास्त रडला तर दार लावून घे, चाळीत बोंब नको.' पूर्वी जेवणाच्या सुट्टीत तू धावत यायचीस, पाजून परत पळायचीस. मग शेठनं सुट्टीत गेट बंद ठेवायला सुरुवात केली, कारण बायका उशिरा परततात. त्यानंतर तू संध्याकाळीच यायचीस आणि तुझा ब्लाउज पुढून ओला असायचा. दुधाचा आणि लेबलाच्या खळीचा मिळून एक आंबूस वास यायचा. तू चप्पल न काढता खाली बसायचीस आणि आधी त्याला घ्यायचीस. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाहीस, आणि मी तरी कशाला बोलायचे.

असंच चाललं असताना शाळेच्या बाई घरी आल्या. रविवार होता, तू चुलीपाशी होतीस. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'ही येतच नाही. असं चाललं तर पटावरून नाव काढावं लागेल.' तू त्यांना बसा म्हणालीस, त्या बसल्या नाहीत. त्या गेल्यावर मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणाले, 'मला नाहीच जायचं शाळेत, मी याला सांभाळेन.' तू हातातलं उलथनं खाली ठेवलंस आणि मला अशी थोबाडीत मारलीस की माझं डोकं भिंतीला लागलं. मग परत उलथनं घेतलंस. 'हे परत बोललीस तर जीभ कापीन,' असं म्हणालीस, आवाज न चढवता. त्या दिवशीची भाजी करपली होती आणि ती आपण सगळ्यांनी खाल्ली.

कारखान्याच्या गेटपाशी एक काचेची पेटी होती, आत कायद्याचा गोषवारा चिकटवलेला. कायद्यानं तो कामगारांच्या भाषेत लावावा लागतो, म्हणून शेठनं लावला होता. तू सातवीपर्यंत शिकलेली. तुझ्याबरोबर समोरच्या खोलीतली मावशी कामाला होती, तुझी जिवाची मैत्रीण. तिचंही पोर तान्हं होतं आणि ती त्याचा पाय साडीच्या काठानं खाटेला बांधून येत असे. तुम्ही दोघी सुट्टीत गेटपाशी उभ्या राहिलात आणि तू तिला ते वाचून दाखवलंस. तीसपेक्षा अधिक स्त्रिया कामावर असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली, बाई आणि दूध यांची सोय मालकानं करावी, असं त्यात होतं. कारखान्यात तुम्ही चाळीसच्या आसपास होतात. तू घरी येऊन बाबांना म्हणालीस, 'आहे. कायद्यात आहे.' बाबा म्हणाले, 'कायद्यात हेल्मेटपण आहे.'

तू शेठकडे गेलीस. हा भाग तू मला पुढे इतक्यांदा सांगितलास की मी तिथे होते असंच मला वाटतं. शेठ उल्हासनगरला राहायचे, गोड बोलायचे, दिवाळीला प्रत्येकीला मिठाईचा पुडा द्यायचे. ते म्हणाले, 'बाई, ये क्या नया निकाला? घरात कुणी म्हातारं माणूस नाही का सांभाळायला?' तू म्हणालीस, 'नाही. आणि गेटवर लिहिलंय.' शेठ हसले. 'गेटवर विडी ओढू नये असंपण लिहिलंय.' त्यांच्या हातातली सिगारेट जळत होती. ते वाईट नव्हते, असं तू नेहमी म्हणायचीस. मोठ्या कंपनीकडून त्यांना बाटलीमागे ठरलेलं मिळायचं आणि शेजारच्या शेडमधला माणूस त्याहून स्वस्तात करून द्यायला टपलेला होता. ते तुला हे सगळं समजावून सांगत होते आणि तू ऐकून घेतलंस. मग रजा टाकून फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाऊन तक्रार दिलीस. मावशीनं खाली अंगठा नको म्हणून सही शिकून सही केली.

आणि ते झालं. यावर मी आजही विश्वास ठेवते, कारण मी ते पाहिलं. इन्स्पेक्टर आले, शेठना मुदत दिली, आणि स्कूटर ठेवायच्या शेडला भिंती आणि पंखा आला. कुणीतरी आत पोपट आणि ससा रंगवला, सशाचे कान इतके लांब की तो गाढवासारखा दिसायचा. तीन पाळणे, एक सतरंजी आणि एक म्हातारी बाई, जी दिवसभर पोरांना शिव्या द्यायची पण भिजलेलं पोर तसं ठेवायची नाही. तू भावाला काखेत मारून कामावर जायला लागलीस आणि मी दप्तर घेऊन शाळेत. तो सगळा पावसाळा आपलं घर दिवसभर कुलूपबंद असायचं. मला कुलपाची चावी गळ्यात घालून मिरवायला आवडायचं. बायका तुला त्या दिवसांत 'लीडर' म्हणायच्या. मावशीनं तुला गौरीच्या वेळी हिरव्या बांगड्या भरल्या.

दिवाळीच्या सुट्टीत शेठनं गवंडी लावले. सुट्टीनंतर तुम्ही गेलात तेव्हा शेडच्या मधोमध, बाटल्यांच्या टेबलांमधून, छतापर्यंत विटांची भिंत उभी होती. अजून गिलावा व्हायचा होता. गेटवर जुन्या पाटीखाली नवी पाटी होती. शेठनं तुम्हाला एकेक करून बोलावलं आणि तुला सगळ्यात शेवटी. 'बाई, तू माझ्या बहिणीसारखी. मी कुणाला काढत नाही. जुनी कंपनी आता अर्धी झाली, नवी कंपनी माझ्या बायकोची आहे. ती तिच्या मनानं भरती करेल.' भरती झाली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तीसच्या बऱ्याच आत बायका बसल्या, म्हणजे पाळणाघराची गरज उरली नाही. आणि ज्यांची पोरं पाळण्यात होती त्यांना ना जुन्या कंपनीत जागा मिळाली ना नव्या. ससा आणि पोपट होते त्या खोलीत नव्या कंपनीचं ऑफिस झालं.

तू पुन्हा इन्स्पेक्टरकडे गेलीस, या वेळी मला बरोबर नेलंस. ते चांगले होते, त्यांनी मला बिस्कीट दिलं. 'मी जाऊन बघून आलो,' ते म्हणाले. 'दोन कंपन्या आहेत. दोन्ही तीसच्या आत. तुमचं बरोबर आहे, बाई, पण त्यांचंही कायद्याप्रमाणे आहे.' तू विचारलंस, 'मग भिंत पाडायला कोण सांगेल?' ते म्हणाले, 'भिंत बांधू नये असं कुठे लिहिलेलं नाही.' बाहेर आल्यावर तू रस्त्याकडेच्या नळावर तोंड धुतलंस, बराच वेळ धुतलंस. मी बिस्कीट संपवलं होतं म्हणून तू मला चिमटा काढलास.

मावशीचीही नोकरी गेली होती, आणि तिनं तुला माफ केलं नाही. सार्वजनिक नळावर सगळ्यांच्या हंड्यांची रांग असताना, मी तुझ्या पदराला धरून उभी असताना, ती म्हणाली, 'स्वतःच्या पोरीला शाळेत घालायला आमच्या पोटावर पाय दिलास.' ती तुझ्याजवळ आली आणि तुझा हंडा नळाखालून काढून बाजूला ठेवला, अगदी हळू, एक थेंब न सांडता. बाकीच्या बायका बघत राहिल्या. त्यातल्या काही भिंतीच्या आत कामावर होत्या आणि त्यांना तुझ्याशी बोललेलं शेठला कळेल याची भीती होती. उरलेल्या बाहेर होत्या आणि त्यांना राग होता. संक्रांतीला चाळीतल्या प्रत्येक दारी हळदीकुंकवाचं बोलावणं फिरलं. आपल्या दारापुढून बोलावणं देणारी मुलगी कुंकवाचा करंडा घेऊन गेली, तेव्हा तू उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होतीस. तिनं मान वळवून घेतली, म्हणजे तिला तशी शिकवण दिली होती.

मग बाबांनी उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणायला सुरुवात केली. शिवून झालेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायचे, नगावर पैसे. आपल्या खोलीत जमीन दिसेना. चुलीपासून दारापर्यंत निळ्या पँटींचा ढीग, त्यात तू कात्री घेऊन, भाऊ ढिगावर झोपलेला. तुझी नखं निळी, पोळीच्या कडेला निळे ठसे. केसांत, पाण्याच्या माठावर, दुधाच्या सायीवर निळा भुसा. तू म्हणायचीस, 'बरं आहे, इथे शेठ नाही.' मी पुढे कायदा शिकले तेव्हा कळलं की तिथे इन्स्पेक्टरही नव्हता, पंखा नव्हता, जेवणाची सुट्टी नव्हती आणि गेटवरची पेटीही नव्हती, कारण आपलं घर कायद्याला कारखाना म्हणून दिसतच नव्हतं. तू तशी किती वर्षं कात्री चालवलीस. मी दहावी झाले, बारावी झाले. तुझा खोकला माझ्या अभ्यासाच्या वेळेचा भाग झाला. 'जरा हळू खोक ना, मला पाठ करायचंय,' असं मी म्हणायचे आणि तू पदर तोंडात कोंबायचीस.

कारखान्यात होतीस तेव्हाचं तुझं कामगार विम्याचं कार्ड तू पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतंस. तेच घेऊन मी तुला विम्याच्या दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या माणसानं कार्ड उलटंपालटं करून परत दिलं. 'नोकरी गेली की हे बंद होतं. तेव्हाच संपलंय हे.' नियमच तसा होता, त्याचं काही चुकलं नाही. मग सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, त्यांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, 'कुठे काम करता?' तू म्हणालीस, 'घरीच असते.' त्यांनी लिहिलं, गृहिणी. मी शेजारी उभी होते, कायद्याच्या पहिल्या वर्षात होते, आणि मला जीन्सचं सांगायचं सुचलंही नाही. तू गेल्यावर जो दाखला मिळाला त्यावरही तेच होतं. तू पहाटे गेलीस, आणि बाबा त्याच सकाळी उरलेला गठ्ठा परत देऊन आले, कारण तो दुपारपर्यंत पोचवायचा होता.

आता कालचं. जुने कामगार कायदे गुंडाळून नवे आलेत, त्यांचे नियम मराठीत आणायचं काम आमच्याकडे आहे. त्यात आता तीस बायका असं राहिलेलं नाही, पन्नास माणसं असं आहे, बाई असो की पुरुष. मसुदा जाहीर करून लोकांच्या हरकती मागवतात. मालकांच्या संघटनांच्या आल्या, वकिलांनी लिहिलेल्या, छान बांधलेल्या. बायकांकडून एक नाही. काल संघटनांच्या लोकांना बोलवून ऐकून घेतलं आणि मी टिपणं काढायला होते. पाळणाघर म्हणायचं की शिशुगृह, यावर पाऊण तास गेला. एका अधिकाऱ्यांचं म्हणणं, पाळणाघर फार घरगुती वाटतं. शेवटी मी विचारलं, 'आणि हा आकडा पन्नासच का, सर?' ते म्हणाले, 'वरून आलाय. कुठेतरी रेघ मारावीच लागते ना.'

तेव्हा अंबरनाथच्या कारखानदारांतर्फे आलेला गृहस्थ हसला. माझ्याहून थोडा मोठा, स्वच्छ मराठी, कपाळावर चंदन. 'मॅडम, रेघ कुठेही मारा. तीसच्या वर म्हणालात तर आम्ही तीसवर थांबतो, पन्नास म्हणालात तर एकोणपन्नासवर. राग मानू नका, पण धंदा असाच चालतो.' आणि मग त्यानं उदाहरण दिलं. त्याच्या वडिलांचं औषधाच्या पॅकिंगचं युनिट होतं. 'एक बाई होती. पाळणाघराचा हट्ट धरला तिनं. वडिलांना शेडमध्ये भिंत घालून दोन कंपन्या कराव्या लागल्या. कितीतरी बायकांची नोकरी गेली तिच्यापायी. तिला काय मिळालं? म्हणून म्हणतो, कायदा करताना कामगारांचंच भलं बघा, त्यांना असली हत्यारं देऊ नका.' सगळ्यांनी माना डोलावल्या. तो खरंच कळवळ्यानं बोलत होता. जेवणाच्या वेळी त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली, मुलं किती आहेत विचारलं.

टिपणात मी 'हट्ट' न लिहिता 'मागणी' लिहिलं, तेवढंच केलं. संध्याकाळी साहेबांनी ते वाचलं आणि पेन्सिलनं गोल केला. 'ते हट्ट म्हणाले होते. आपण जे बोललं गेलं तेच लिहितो.' मी खोडलं आणि हट्ट लिहिलं. आता तू कायदा करणाऱ्यांच्या कागदात आहेस, आई, पहिल्यांदाच, एका ओळीत, बिननावाची. ते टिपण वर जाईल. तिथे कुणीतरी ते वाचेल आणि म्हणेल की बघा, अनुभव असा आहे.

मावशी अजून आहे. मागच्या वर्षी कुळगावच्या बाजारात भेटली, मुलाकडे राहते, डोळ्याला कमी दिसतं. मी ओळख सांगितली तर तिनं माझा हात धरला आणि सोडेना. मला वाटलं रडेल. तिनं विचारलं, 'काय करतेस?' मी सांगितलं, कायद्यांचं मराठी करते. 'म्हणजे गेटवरचं ते आता तू लिहितेस होय,' ती म्हणाली आणि हात सोडून मेथीची जुडी उचलून बघायला लागली. भाव विचारला, महाग आहे म्हणाली, पुढे गेली.

हे कुठे पाठवायचं नाही. घरात तुझा एकच फोटो आहे, त्याच्यामागे कागद खुपसून ठेवायचा नाटकीपणा मला जमणार नाही, उद्या रद्दीत देईन. लिहिलं ते तुझी बाजू मांडायला, असं सुरुवातीला वाटलं होतं. पण एक गोष्ट आहे, जी मी ना भावाला सांगितली, ना कधी तुला. नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, चावी गळ्यातच होती आणि दार उघडं होतं. तू आत भिंतीला टेकून बसली होतीस, डोळे सुजलेले, पुढ्यात काही नव्हतं. मला बघून तू म्हणालीस, 'आलीस? जेव.' तेव्हा मला इतका आनंद झाला होता, आई, की मी दप्तर काढायचंही विसरले.